भुयार कुठं निघतं?

आमचा नारायण पेठेतला वाडा पाडायला निघाला तेव्हा माळ्यावरच्या सामानाची वाटणी झाली. पितळेची भांडी एकानं नेली, पाट-चौरंग दुसऱ्यानं, आणि कागद सगळे रद्दीत. रद्दीवाल्यानं दारातच काटा लावला होता. त्याच्या गठ्ठ्यातून माझ्या भाचीनं एक जाड वही ओढून काढली. खाकी पुठ्ठा, दोऱ्यानं शिवलेली पानं, मुखपृष्ठावर जलरंगातला किल्ला आणि खाली वळणदार अक्षरांत ‘दिवाळी १९७४’.

“मामा, हे कुणी केलंय?”

“आम्हीच. वाड्यातल्या पोरांनी.”

ज्यांचं लहानपण पुण्यात गेलं त्यांना दिवाळीचा किल्ला समजावून सांगायला नको. सहामाही परीक्षा संपली की विटा, दगड, जुनी पोती गोळा करायची, वर चिखल थापायचा, उतारावर हळीव नाही तर मोहरी पेरायची. कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. त्यातला एखादा घरी येईपर्यंत हात मोडून घेई. त्याला आम्ही जखमी म्हणून पायथ्याच्या गावात ठेवत असू. गुहेत वाघ हवाच. तो सिंहासनावरच्या महाराजांपेक्षा मोठा असला तरी कुणाची हरकत नसे.

आमच्या वाड्यात या किल्ल्याला एक शेपूट होतं. किल्ल्याचं हस्तलिखित निघायचं. शाळाशाळांतून हस्तलिखित अंकांची पद्धत होतीच, तीच आम्ही घरी आणली. किल्ल्याला एक नाव द्यायचं आणि प्रत्येकानं त्याच्याबद्दल काहीतरी लिहायचं. एकानं किल्लेदाराची हकिगत लिहिली, एकानं धान्यकोठाराचा हिशेब मांडला, समोरच्या खोलीतल्या मित्रानं भुयाराचा नकाशा काढला. संपादक मी, कारण माझं अक्षर बरं होतं. दुसरी काही पात्रता नव्हती.

भाची ती वही घेऊन गेली. महिन्याभरानं तिचा फोन आला, “मामा, आम्ही तुमच्या किल्ल्यावर मोहीम काढलीय.”

ती आणि तिचे चार मित्र शनिवारी रात्री कोथरूडला एकाच्या घरी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. त्याला रोल प्लेइंग गेम म्हणतात. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी शिपाई, कुणी वैदू, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, तुम्ही दरवाज्याशी आलात, आत मशाल जळतेय. मग आपलं पात्र काय करतं ते ज्यानंत्यानं सांगायचं. ते साधलं की फसलं हे फासे ठरवतात, आणि त्यातला एक फासा चांगला वीस बाजूंचा असतो. यात कुणी जिंकत नाही. रात्र संपली की गोष्ट थांबते आणि पुढच्या शनिवारी तिथूनच चालू होते. अशी महिनोन् महिने चालणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन. ‘मोहीम’ हा भाचीचा शब्द. मला तो मूळ शब्दापेक्षा बरा वाटतो.

या खेळाचा इतिहास मी कुतूहलानं वाचायला घेतला. एखाद्या बड्या खेळणी कंपनीनं तो बाजारात आणला असेल अशी माझी समजूत होती. निघालं भलतंच. त्याच्या मुळाशी आमच्या वहीचीच भावंडं होती.

या जातीचा पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो निघाला जानेवारी १९७४ मध्ये, म्हणजे आमच्या वहीच्याच वर्षी, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावी. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. तो दोघांनी मिळून रचला होता. गॅरी गायगॅक्स हा एकजण. विम्याच्या कचेरीतली नोकरी गेल्यावर तो घरी बूट दुरुस्त करून संसार चालवत होता. दुसरा मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन. एका खेळाडूनं सबंध सैन्य न हलवता एकच माणूस व्हायचं, आणि तो माणूस पुढच्या बैठकीतही तोच राहायचा, ही रीत आर्नेसनच्या घरच्या तळघरात रुळली.

पण या दोघांची गाठ कशी पडली? दोघेही शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळणारे. मोठ्या माणसांनी खेळण्यातले शिपाई घेऊन जमिनीवर बसावं यात त्या मंडळींना संकोच नव्हता, एच. जी. वेल्ससारख्या लेखकानं १९१३ मध्ये या लढायांच्या नियमांचं पुस्तकच लिहिलं होतं. १९७० मध्ये या हौशी लोकांनी मध्ययुगीन लढायांसाठी एक मंडळ काढलं. सभासद गावोगावी विखुरलेले, म्हणून एक पत्रक निघे. नाव ‘डोम्सडे बुक’. त्यात एका काल्पनिक राज्याचा नकाशा छापला गेला आणि सभासदांनी त्यातला एकेक मुलूख वाटून घ्यायचा असं ठरलं. जहागिऱ्याच म्हणा ना! आर्नेसननं उत्तरेकडचा एक मुलूख घेतला आणि त्याचं नाव ठेवलं ‘ब्लॅकमूर’. तिथं काय काय आहे याची माहिती त्यानं १९७२ मध्ये त्याच पत्रकात लिहून पाठवली. जगातली ही पहिली मोहीम म्हणतात. म्हणजे नियमांची पुस्तिका निघण्याच्या सुमारे दीड वर्ष आधी मोहिमेचा मुलूख हौशी पत्रकात छापून आला होता.

खेळण्यातले शिपाई आणि घरगुती अंक यांची ही सोयरीक त्याहूनही जुनी आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या हॉवर्थ गावात ब्राँटे नावाचे पाद्री राहत. १८२६ च्या जून महिन्यात त्यांनी लीड्स शहरातून आपल्या मुलासाठी लाकडी शिपायांचा डबा आणला. ब्रॅनवेल तेव्हा नऊ वर्षांचा होत होता. त्याच्या बहिणींनीही एकेक शिपाई उचलला, त्याला नाव दिलं आणि भावंडांनी मिळून एक राज्य वसवलं. घरात ‘ब्लॅकवूड्स’ नावाचं मासिक वाचलं जाई. त्याच्या नमुन्यावर १८२९ मध्ये ब्रॅनवेलनं शिपायांसाठी मासिक काढलं. नंतर थोरली बहीण शार्लट संपादक झाली. अंकाचा आकार काड्यापेटीएवढा, कारण वाचक शिपाई! अक्षर मुंगीएवढं. हीच शार्लट पुढे ‘जेन एअर’ची लेखिका झाली. त्यातला १८३० चा एक अंक २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना गेला आणि हॉवर्थच्या संग्रहालयात परतला. आमच्या दारातला काटा आठवून मला हे वाचताना जरा कसंसंच झालं.

पुन्हा अमेरिकेत येऊ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या त्या तीन पुस्तिका विकत घेणाऱ्यांना पहिला धक्का बसला तो हा, की त्यात पुष्कळ काही सांगितलेलंच नाही. नियम तुटक, काही परस्परविरोधी. मग ज्याला जे सुचलं ते त्यानं भरलं आणि इतरांना कळवलं. या खेळातलं चोराचं पात्रसुद्धा मूळ पुस्तिकांत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या एका खेळण्याच्या दुकानात जमणाऱ्या टोळक्यानं ते तयार केलं. गायगॅक्सच्या कानावर फोनवरून त्याची कल्पना गेली आणि त्यानं स्वतःची आवृत्ती १९७४ मध्येच एका हौशी पत्रकात दिली.

१९७५ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईंनी ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ नावाचा अंक सुरू केला. त्याची रीत मजेची होती. प्रत्येक लेखकानं आपापली पानं तयार करायची, बाईंनी ती एकत्र टाचून सगळ्यांना पाठवायची. पुढच्या अंकात प्रत्येकजण इतरांच्या पानांवर मत देणार. कुणी आपल्या मोहिमेची हकिगत लिही, कुणी नवा राक्षस पाठवी, कुणी नियमाला नियम जोडी. सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो अंक डोळ्यांपुढे येईल. एकाच्या पानावरची विहीर दुसऱ्याच्या गावात खणली जायची. ली गोल्ड यांनी हे काम २०२५ पर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं केलं.

सुरुवातीला गायगॅक्सला याचं कौतुक होतं. त्यानं त्या अंकाला १९७५ मध्ये पत्र पाठवलं आणि सगळ्यांनी एकसारखं खेळावं असं आपल्याला मुळीच वाटत नाही, असं कळवलं. तीनच वर्षांनी, १९७८ मध्ये, आपल्या कंपनीच्या ‘द ड्रॅगन’ मासिकात तो याच हौशी अंकांवर तुटून पडला. आता त्याला एकच अधिकृत खेळ हवा होता. मी त्याला सर्वस्वी दोष देणार नाही. बूट शिवणारा माणूस कारखानदार झाला होता, महिन्याला पगार वाटायचे होते. पण ज्या विहिरीचं पाणी प्यायलो तिच्यावर झाकण घालायला निघालं की लोक बोलणारच. १९७९ मध्ये खुद्द आर्नेसन आपल्या वाट्यासाठी कोर्टात गेला; दोन वर्षांनी तडजोड झाली.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये काय चाललं होतं पाहा. तिथं ‘व्हाइट ड्वार्फ’ हे मासिक १९७७ पासून निघत होतं. त्यात वाचकांनी पाठवलेल्या राक्षसांचं एक सदर असे. १९७९ मध्ये त्यात ‘गिथयांकी’ नावाची एक लढाऊ जमात छापून आली. पाठवणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता, चार्ल्स स्ट्रॉस. नाव त्यानं जॉर्ज मार्टिन यांच्या एका कादंबरीतून उचललं होतं. या सदरातले राक्षस १९८१ मध्ये गायगॅक्सच्या कंपनीनं पुस्तकात घेतले आणि गिथयांकी अधिकृत झाले. २०२३ मध्ये जगभर गाजलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणक खेळात त्याच जमातीची एक तलवारबाज बाई आहे. स्ट्रॉस पुढे नावाजलेला विज्ञानकथाकार झाला. आणि हा मुलगा जन्मला कुठं? लीड्सला. जिथून तो शिपायांचा डबा आला होता तिथं. योगायोगच, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

मालकी कुणाची हा प्रश्न त्यानंतरही मिटला नाही. १९९७ मध्ये मूळ कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी २००० मध्ये खेळाचे मुख्य नियम कुणीही वापरावेत, त्यावर आपलं रचावं, असा परवाना दिला. त्या भरवशावर कितीएक लहान प्रकाशक उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना मागे घेण्याचा मसुदा बाहेर फुटला आणि खेळणाऱ्यांनी असा काही गहजब केला की महिना संपण्याच्या आत कंपनीला माघार घ्यावी लागली. मुख्य नियमांचा दस्तऐवज कायमचा खुला झाला. भाचीनं मला हे सांगितलं ते एखादा किल्ला घेतल्याच्या थाटात.

तिची मोहीम पाहायला मी एका शनिवारी गेलो. आमच्या वहीच्या छायाप्रती टेबलावर पसरल्या होत्या आणि समासात पेन्सिलीच्या खुणा. मला वाटलं होतं, तिनं वहीतल्या चुका दुरुस्त करून घेतल्या असतील. तिनं उलट चुकाच वेचून काढल्या होत्या. धान्यकोठाराच्या हिशेबात तीनशे पोती आली, एकशेवीस खर्च झाली आणि शिल्लक ऐंशी, असं लिहिलं होतं. अकरा वर्षांच्या मुलाची वजाबाकी चुकली, दुसरं काय! भाची म्हणाली, “नाही मामा. शंभर पोती कुणीतरी विकलीत.” त्यावरून किल्लेदार फितूर ठरला आणि पाच शनिवार त्याच्या मागावर गेले.

भुयाराचं तसंच. मित्राच्या नकाशात ते पायथ्याच्या गावातल्या विहिरीत निघत होतं. दुसऱ्या एकाच्या गोष्टीत तेच भुयार नदीच्या घाटावर निघत होतं. संपादकाच्या हे लक्षात आलं नव्हतं. भाचीनं दोन्ही ठेवलं. बाजारातली म्हातारी म्हणते विहीर, नावाडी म्हणतो घाट. खरं कोण ते खेळणाऱ्यांना माहीत नाही. खासगीत विचारलं तर म्हणाली, तिनंही अजून ठरवलेलं नाही. घाईनं ठरवलं तर एक वाट फुकट जाते.

निघताना तिनं मला विचारलं, “तुझं ठीक आहे, पण बाकीच्यांचं लिखाण आम्ही न विचारता घेतलं, ते चालेल ना?” एवढा इतिहास वाचून हा प्रश्न मला सुचला नव्हता. वहीत सातजणांची नावं. त्यातले दोघे आता नाहीत. दोघांचा पत्ता नाही. उरलेल्या दोघांपैकी एकजण म्हणाला, त्याला वही आठवतच नाही, खुशाल घ्या.

दुसरा नकाशावाला. तो ठाण्याला असतो, गेल्या वर्षी निवृत्त झाला. फोनवर त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. परवानगीचं काहीच बोलला नाही. म्हणाला, “नदीवर कुठलं निघतंय? नकाशात विहीर काढलीय ना मी! आणि भुयाराला मध्ये एक खोली आहे, ती त्या वेळी पानावर मावली नव्हती. लिहून घे.”

मी लिहून घेतलं आणि भाचीला कळवलं. आता तो दर रविवारी सकाळी तिला फोन करतो आणि पोरं खोलीपर्यंत पोचली का, असं विचारतो.