पाटी आपली, भिंत कुणाची?

दुकान काढायचे म्हटले की आधी पाटी रंगवून घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. इंटरनेट आले आणि ही पाटी संगणकाच्या पडद्यावरही लागली. ती कुणाच्या भिंतीवर टांगली आहे, हे मात्र फार थोड्या दुकानदारांनी विचारले.

तशी दुसऱ्याच्या भिंतीवर नाव लावण्याची सवय जुनीच. अमेरिकेतील न्यू हेवन शहरात १८७८ साली पहिली टेलिफोन डिरेक्टरी निघाली. तिच्यात नावे होती अवघी पन्नास. पुढे धंद्यांची वेगळी वर्गवारी करणारी ‘यलो पेजेस’ आली. मुंबईत १९९६ साली ‘जस्ट डायल’ सुरू झाले आणि फोनवर विचारले की प्लंबर, केटरर यांचे नंबर मिळू लागले.

त्याच सुमारास वेबसाइटचे युग आले. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’ने लोकांना फुकट जागा दिली. तिथे विषयवार ‘वस्त्या’ होत्या. छोट्या धंद्यांसाठीही एक वस्ती राखलेली होती. १९९९ साली ‘याहू’ने ही कंपनी साडेतीनशे कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये, जपान वगळता, सगळ्या वस्त्या बंद करून टाकल्या. ज्यांनी आपली पाने वेळेत दुसरीकडे हलवली नव्हती, त्यांचा पत्ताच पुसला गेला.

यावरून आपण काही शिकलो का? ‘गूगल’ने २०१७ साली छोट्या व्यावसायिकांना फुकट वेबसाइट बनवून देणे सुरू केले. मार्च २०२४ मध्ये त्या साऱ्या बंद झाल्या. गूगलच्या नकाशावरील दुकानाची नोंद राहिली. पण व्हिजिटिंग कार्डावर आणि बिलबुकावर छापलेला वेबसाइटचा पत्ता निरुपयोगी झाला.

म्हणून पहिली गोष्ट, स्वतःचे डोमेन नाव घ्यावे. ‘डॉट इन’ची नोंदणी २००५ पासून सर्वांना खुली झाली, २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळते. त्याचे भाडे मुदतीनुसार भरावे लागते हे खरे, पण ते वेळेवर भरले आणि वेबसाइट उद्या दुसऱ्या कंपनीकडे हलवली, तरी पत्ता तोच राहतो. गाळा बदलला तरी गिऱ्हाईक बरोबर दारात येते, असाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट, ही नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर आणि मोबाइलवर करावी; वेबसाइट बनवणाऱ्याच्या किंवा हौसेने मदत करणाऱ्या भाच्याच्या नावावर नको. तिसरी, मालाचे फोटो आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर यांची एक प्रत आपल्याकडे ठेवावी.

नकाशावरची फुकट नोंद जरूर करावी, कारण गिऱ्हाईक आज तिथेच शोधते. पत्ता, फोन, दुकानाची वेळ आणि सुट्टीचा वार दोन्हीकडे सारखाच असावा. साप्ताहिक सुट्टी बदलली तर त्याच दिवशी दोन्हीकडे दुरुस्ती करावी. बंद दारावरून परत गेलेले गिऱ्हाईक सहसा पुन्हा येत नाही.

पाटी रंगवणाऱ्याला आपण मजुरी देतो, दुकानाची किल्ली देत नाही. पडद्यावरच्या दुकानालाही हाच नियम लावावा.