वर्गणीदारांचा क्लब

एडिंबरो येथील 1874 साली स्थापन झालेला हार्ट्स हा फुटबॉल क्लब 2013 साली कर्जापायी प्रशासकांच्या हाती गेला. तेव्हा सुमारे 8,000 चाहत्यांनी स्वतःस मासिक वर्गणी लावून घेतली. वर्गणीचे मोल आमच्या वाचकांस सांगावयास नको! 2014 पासून ॲन बज या बाईंनी कारभार सांभाळला. 2020 साली महामारीने हंगाम थांबला आणि 8 सामने उरले असता तळाशी असलेल्या हार्ट्सची खालच्या श्रेणीत रवानगी झाली. वरच्या श्रेणीत 12ऐवजी 14 संघ घ्यावेत, ही सूचना टिकली नाही. संघटना क्लबांच्याच मालकीची. निर्णय देणारे तेच आणि लाभहानी भोगणारेही तेच. हा न्याय आम्हांस पटत नाही. तरीही वर्गणी चालू राहिली. पुढच्याच हंगामात संघ वर आला, आणि ऑगस्ट 2021 मध्ये क्लबाचे 75.1 टक्के भाग चाहत्यांच्या संस्थेच्या नावे झाले.