रंग न धरणारा जीवाणू : हाँगकाँग, १८९४

१/ गोल, दंडाकार, सर्पिल, ग्रॅम-पॉझिटिव्ह, ग्रॅम-निगेटिव्ह. जीवाणूंचे प्रकार आपल्याला पाठ्यपुस्तकातील तक्त्यातून भेटतात. त्या तक्त्यातील प्रत्येक रकान्याला स्वतःचा इतिहास आहे. त्यांपैकी एक रकाना प्लेगचा खरा जीवाणू ओळखताना निर्णायक ठरला. आजचा धागा त्याविषयी.

२/ १६८३ मध्ये डेल्फ्टचे कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांनी दातांवरील किटण स्वतः घडवलेल्या भिंगाखाली पाहिले आणि त्यातील सूक्ष्म जीवांची वर्णने व आकृत्या लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवल्या. आकारांतील भेद त्यांनी टिपला. परंतु पद्धतशीर वर्गीकरण होण्यास आणखी जवळजवळ दोन शतके लागली.

३/ १८७२ मध्ये ब्रेस्लाउ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी आकारावरून चार गट केले : गोलाकार, आखूड दंडाकार, लांब दंडाकार किंवा तंतुमय, आणि सर्पिल. १८७६ मध्ये त्यांनीच दाखवले, की गवताच्या काढ्यातील दंडाकार जीवाणू बीजाणू तयार करतात आणि हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात.

४/ आकाराची कसोटी मात्र लवकरच अपुरी पडली. अँथ्रॅक्सचा जीवाणू दंडाकार, विषमज्वराचाही दंडाकार. १८८४ मध्ये बर्लिन येथे डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियन ग्रॅम न्यूमोनियाने मृत्यू पावलेल्यांच्या फुप्फुसांतील जीवाणू स्पष्ट दिसावेत म्हणून रंग शोधत होते. जांभळा रंग, त्यावर आयोडीन, मग अल्कोहोलची धुलाई, अशी त्यांची रीत होती.

५/ काही जीवाणूंनी जांभळा रंग धरून ठेवला. विषमज्वराच्या जीवाणूने तो सोडला. ग्रॅम यांना ही आपल्या पद्धतीची उणीव वाटली. खरे कारण पेशीभित्तिकेत होते. रंग धरणाऱ्यांची भित्तिका जाड असते. सोडणाऱ्यांची पातळ, आणि तिच्याबाहेर आणखी एक पटल.

६/ जून १८९४. हाँगकाँगमध्ये प्लेगचे थैमान सुरू होते. कॉख यांचे शिष्य किटासाटो शिबासाबुरो यांना रुग्णालयात प्रयोगशाळा मिळाली. तीन दिवसांनी पोहोचलेल्या, पाश्चर परंपरेतील अलेक्झांडर येरसिन यांना गवताने शाकारलेल्या झोपडीत काम करावे लागले. दोघांनीही प्लेगचा जीवाणू सापडल्याचे जाहीर केले.

७/ वर्णने मात्र जुळत नव्हती. येरसिन यांचा जीवाणू आखूड दंडाकार, टोकांशी गोलसर, निश्चल आणि ग्रॅमचा रंग सोडणारा होता. किटासाटो यांनी किंचित हालचाल नोंदवली; ग्रॅमच्या रंगाबाबत त्यांच्या पहिल्या अहवालात निश्चित विधान नव्हते, आणि पुढे त्यांनी वर्णिलेला जीवाणू रंग धरणारा होता.

८/ आज प्लेगचा जीवाणू ग्रॅम-निगेटिव्ह आणि निश्चल म्हणूनच ओळखला जातो. किटासाटो यांच्या संवर्धनात न्यूमोनियाच्या, रंग धरणाऱ्या जीवाणूची भेसळ झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. प्लेगचा जीवाणू त्यांनी पाहिलाच नाही, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

९/ प्रश्न केवळ श्रेयाचा नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ही लस म्हणजे उष्णतेने मारलेले प्लेगच्या जीवाणूचे संवर्धन. संवर्धनात भलताच जीवाणू असता, तर लसही भलत्याच रोगाची झाली असती.

१०/ औषधांचा इतिहासही याच भेदाशी जोडलेला आहे. पेनिसिलिन मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंवर चालले. प्लेगवर ते निष्प्रभ ठरले. प्लेगवर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये मिळाले, आणि तेही मातीतील एका तंतुमय जीवाणूपासून. तो जीवाणू ग्रॅमचा जांभळा रंग धरणारा आहे.

११/ १९४४ मध्ये प्लेगच्या जीवाणूच्या प्रजातीसाठी ‘येरसिनिया’ हे नाव सुचवले गेले. शास्त्रीय नावात आज एकट्या येरसिन यांचे स्मरण आहे. हाँगकाँगचा इतिहास लिहिताना मात्र किटासाटो यांचे नाव वगळता येत नाही.