जुनी तबकडी, नवी प्रत

जुनी तबकडी विकत घेणारा आणि तिच्यावरील गाणे ध्वनिफितीवर उतरवून घेणारा, या दोघांच्याही व्यवहारात गायकाच्या पदरी काही पडत नाही. तरीही पहिल्याला समाजाने रसिक मानले आणि दुसऱ्याकडे संशयाने पाहिले. हा भेद नीतीचा की केवळ सवयीचा?

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले आणि गाणे ही देण्याघेण्याची वस्तू झाली. वस्तू विकणारा ती गमावतो. नक्कल देणारा काहीच गमावत नाही. १९८० च्या दशकात कॅसेट घरोघरी पोहोचली, तेव्हा हा फरक विशेष जाणवू लागला.

कायद्याने मात्र काही काळ तो पुसून टाकला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रिकेची प्रत पूर्वी विकली गेलेली असली, तरी तिच्या विक्रीचा अधिकार हक्कधारकाकडेच ठेवला. ग्रंथांना हे बंधन नव्हते. मुंबईच्या चोर बाजारात वा रायपूरच्या गोल बाजारात कुणी जुने पुस्तक आणि जुनी तबकडी शेजारी मांडली असती, तर पुस्तकापुरता तो निर्दोष आणि तबकडीपुरता दोषी ठरता. २०१२ च्या दुरुस्तीने ते शब्द वगळले. खासगी उपयोगासाठी उचित वापराची मुभाही ध्वनिमुद्रणापर्यंत विस्तारली.

दरम्यान, जुन्या बाजारांनी इतिहास राखला. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेभोवती जमलेल्या संग्राहकांनी अडगळीतील तबकड्या जपल्या. लाखेची तबकडी ठिसूळ. तिच्यावरील स्वर टिकवायचा तर प्रत करणे अपरिहार्यच. येथे नक्कल हीच निष्ठा ठरते.

कलावंताचे गाऱ्हाणे याहून जुने आहे. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांसाठी स्वामित्वधनाचा आग्रह धरला; मानधन स्वीकारल्यावर गायकाचा हक्क संपतो, असे मोहम्मद रफी यांचे मत होते. सादरकर्त्याचे हक्क कायद्यात आले ते १९९४ मध्ये, आणि व्यापारी वापरावरील स्वामित्वधन २०१२ मध्ये. तोवर कोऱ्या तबकडीच्या खरेदीतही कायद्याने गायकाचा वाटा ठरवलेला नव्हता.

म्हणून केवळ पावती नीतीची साक्ष देऊ शकत नाही. जुनी तबकडी घेणारा एका प्रामाणिक विक्रीची साखळी पुढे नेतो. बाजारात उपलब्ध असलेल्या गाण्याची प्रत करणारा ती तोडतो. प्रकाशनानंतर साठ वर्षांनी ध्वनिमुद्रण सर्वांचे होते. तेव्हा कायद्याचे देणे फिटते, गायकाचे ऋण मात्र उरतेच.