अध्ययन अक्षम मुलांचे इस्लामी नीतिशिक्षण

अध्ययन अक्षम मुलांचे इस्लामी नीतिशिक्षण म्हणजे वाचन, लेखन, स्मरण किंवा आकलनात विशेष अडचण असलेल्या मुलांना इस्लामी नीतिमूल्ये व शिष्टाचार त्यांच्या क्षमतेनुसार शिकविण्याची प्रक्रिया होय. सद्वर्तनाला इस्लामी परंपरेत 'अखलाक', तर शिष्टाचाराला 'अदब' म्हणतात. हा विषय धर्मशिक्षण आणि विशेष शिक्षण यांच्या सीमेवर येतो.

धार्मिक आधार

इस्लामी धर्मशास्त्रात धार्मिक कर्तव्यांचे बंधन प्रौढत्व आणि विवेकबुद्धी यांवर अवलंबून असते. अशी जबाबदारी लागू असलेल्या व्यक्तीस 'मुकल्लफ' म्हणतात. झोपलेली व्यक्ती, अज्ञान बालक आणि विवेक हरपलेली व्यक्ती यांच्या कृत्यांची नोंद होत नाही, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. त्यामुळे तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलावर नमाज वा रोजा यांचे बंधन येत नाही. मात्र बंधन नसणे म्हणजे शिक्षणाचा हक्क नसणे नव्हे. कुराणातील ८०व्या सूरहच्या आरंभी, ज्ञानासाठी आलेल्या अंध व्यक्तीकडे दुर्लक्ष झाल्याबद्दल प्रेषितांनाच समज दिलेली आहे. ३१व्या सूरहमधील लुकमानचा आपल्या मुलास केलेला उपदेश बालकांच्या नीतिशिक्षणाचा आदर्श मानला जातो.

अक्षमतेचे स्वरूप

वाचन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी सामान्य वा त्याहून अधिक असू शकते. त्याला नीतितत्त्वे समजतात. अडचण लिपीची असते. अरबी लिपीतील 'बा', 'ता', 'सा' ही अक्षरे केवळ नुक्त्यांची संख्या व जागा यांवरून ओळखावी लागतात आणि शब्दातील स्थानानुसार अक्षरांचे रूप बदलते. अशा मुलास श्रवण व पुनरुच्चार यांद्वारे पठण शिकविता येते. कुराण मुखोद्गत करण्याच्या मौखिक परंपरेशी ही पद्धत सुसंगत आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलास मात्र 'प्रामाणिकपणा' किंवा 'अमानत' यांसारख्या अमूर्त कल्पना प्रत्यक्ष कृतींतून समजावून द्याव्या लागतात.

अध्यापन पद्धती

- कृतीचे टप्पे पाडणे : वुजूचा क्रम ठरलेला असल्याने हात, तोंड, चेहरा अशा टप्प्यांची चित्रे नळाजवळ लावून तो शिकविता येतो.
- अनुकरण : सलाम करणे, उजव्या हाताने जेवणे, जेवणापूर्वी 'बिस्मिल्लाह' म्हणणे या सवयी पालक व शिक्षकांच्या आचरणातून रुजतात.
- भूमिकाभिनय : सापडलेली वस्तू परत करणे, क्षमा मागणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे अशा प्रसंगांचा सराव घेतला जातो.
- तत्काळ प्रोत्साहन : योग्य वर्तनाचे कौतुक त्याच वेळी व नेमक्या शब्दांत केले जाते.

इंडोनेशियातील व्यवस्था

इंडोनेशियात विशेष शाळांना 'सेकोला लुआर बियासा' म्हणतात. तेथील २००३च्या राष्ट्रीय शिक्षण कायद्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतःच्या धर्माचे शिक्षण त्याच धर्माच्या शिक्षकाकडून मिळण्याचा हक्क आहे. २००९च्या मंत्रालयीन नियमाने समावेशक शिक्षणाची तरतूद केली, तर २०११ मध्ये देशाने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. २०१३च्या अभ्यासक्रमात धर्मशिक्षण व सदाचार हे एकाच विषयात जोडण्यात आले. धर्मशिक्षक आणि विशेष शिक्षक यांची प्रशिक्षणे भिन्न असल्याने दोन्ही कौशल्ये एकाच शिक्षकात असणे ही या व्यवस्थेची मुख्य गरज ठरते.

प्रमुख प्रश्न

पहिला प्रश्न मूल्यमापनाचा आहे. पाठांतर हाच निकष ठेवल्यास प्रामाणिक व दयाळू मूलही नीतिशिक्षणात अनुत्तीर्ण ठरते. इस्लामी नीतिविचारात कर्माचे मूल्य 'नियत' म्हणजे हेतूवरून ठरते. म्हणून सूचना न समजल्याने झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली अवज्ञा यांत शिक्षकाने भेद करणे आवश्यक असते.

दुसरा प्रश्न आज्ञापालनाचा आहे. मोठ्यांचा आदर शिकविताना निमूट आज्ञाधारकपणा रुजला, तर अत्याचाराच्या प्रसंगी मूल असुरक्षित राहते. यासाठी 'हया' म्हणजे लज्जाशीलता या मूल्याची सांगड शरीराच्या खासगीपणाशी घातली जाते. अनुचित स्पर्शास नकार देणे व विश्वासू व्यक्तीस सांगणे ही मुलाची अवज्ञा नव्हे, हे त्याला सोप्या शब्दांत आणि पुनःपुन्हा शिकविणे हा या शिक्षणाचा अत्यावश्यक भाग आहे.