मोटेची खुंटी

आधी आमच्यातल्याच एकीच्या घरची गोष्ट सांगतो. लेकीच्या बाळंतपणासाठी ती तीन महिने पुण्याला गेली. जाताना नवा चामड्याचा सोफा धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळला. दिवस पावसाळ्याचे. परत येऊन कागद काढला तर सोफ्यावर पांढरी-हिरवी बुरशी आणि घरभर कुबट वास. शेजारच्या आजी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, मोटेला कधी कुणी असं कोंडून ठेवलं होतं का? मोट खुंटीला असायची, वाऱ्यावर."

त्या एका वाक्यानं आम्ही विचारात पडलो. नांदेड-लातूरच्या आपल्या घरांत सोफा कालपरवा आला, पण चामडं कितीतरी पिढ्यांपासून होतं. मग ते सांभाळायचं कसं, हे आपण विसरलो कधी?

विहिरीवर मोट चालायची ते दिवस आठवा. देवणी नाहीतर लाल कंधारी बैलांची जोडी धावेवरून खाली उतरायची, तशी चामड्याची मोट भरून वर यायची. मोटेच्या तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक सोल. थारोळ्यात पाणी पडायचं आणि पाटानं शेतात जायचं. घरात पखाल होती, जोडे-चपला होत्या, बैलाच्या गळ्यात चामड्याचा पट्टा होता. म्हणजे शेतकऱ्याचं पाणी आणि पीक चामड्यावरच अवलंबून होतं. मोट फाटली की भिजवण थांबायचं. म्हणून तिला जपायचे. काम संपलं की निथळू द्यायची, सावलीत वाळवायची, करंजाचं किंवा एरंडाचं तेल चोळायचं आणि उंदीर-कुत्र्यांच्या तोंडी लागू नये म्हणून उंच टांगायची.

हे ज्ञान आलं कुठून? मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम गावानं महार समाजावर लादलेलं. कातडं कमावणारे ढोर, ते शिवणारे चांभार, नाडा-सोल वळणारे मांग. कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढायचे. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते दिवसेंदिवस मुरवायचं. त्या सालीतला तुरट रस कातड्यात भिनला की ते कुजत नाही. कच्च्या कातड्याचं पक्कं चामडं होतं ते असं. साल कुटायची कुणी, पाणी वाहायचं कुणी? त्या घरातल्या बायांनी. चुन्यानं हात सोलवटायचे, वास अंगाला चिकटायचा. आणि त्याच वासाचं कारण पुढं करून गाव त्यांना लांब ठेवायचं. त्यांनी कमावलेल्या मोटेतून आलेल्या पाण्यावर मळा पिकायचा, पण पाणवठ्यावर मात्र त्यांना मज्जाव. सुगीला बलुतं म्हणून जे धान्य मिळायचं, तेही मागून घ्यावं लागायचं.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचं मांस खाणं सोडा, असं सांगितलं. पाण्यावरच्या हक्कासाठी चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं तेही तेव्हाच. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला. १९५० मध्ये संविधान लागू झालं आणि अस्पृश्यता कायद्यानं संपली. पुढच्या पिढ्यांनी शाळा धरली, लादलेली कामं टाकली. ते बरोबरच झालं.

दुसरीकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्करांची तेलाच्या इंजिनांची कंपनी सुरू झाली. विहिरीवर आधी इंजिन आलं, मग विजेची मोटार आली. मोट खुंटीवरून उतरली ती उतरलीच. तिच्याबरोबर चामडं राखायची समजही गेली. ती समज कुणाची होती, हे तर आपण कधी म्हटलंच नव्हतं.

आता पुन्हा सोफ्याकडे येऊ. चामडं हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून तर पावसाळी हवेत हलगी सैल पडते आणि वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात. सोफा मात्र शेकायचा नाही आणि कडक उन्हातही टाकायचा नाही. चामडं सुकून तडकतं. बाहेरगावी जाताना तो कोरड्या फडक्यानं पुसा. प्लास्टिक नको, जुनी सुती साडी किंवा चादर टाका. ओल येणाऱ्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि पायांखाली लाकडाचे ठोकळे द्या. तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवू नका. पंधरा दिवसांनी कुणाला तरी खिडक्या उघडायला सांगा. बुरशी आलीच तर सोफा अंगणात सावलीत आणा आणि नाकाला रुमाल बांधून कोरड्या फडक्यानं पुसा. एक लक्षात ठेवा: मोटेला तेल चालायचं, पण आजच्या सोफ्याच्या चामड्यावर बहुधा रंगाचा थर असतो. त्यावर घरातलं तेल चोळलं तर डाग पडतात. आणि रेक्झिन असेल तर तेलाचा प्रश्नच नाही, कारण ते चामडं नव्हेच.

आमच्या त्या मैत्रिणीचा सोफा आठ दिवसांत सुधारला. वास जायला महिना लागला. सोफा पुसायला आजीही बसल्या होत्या. पुसता पुसता त्या म्हणाल्या, "माझी आई साल कुटायची. तिला कुणी विचारलं नाही, तुला हे येतं कसं म्हणून."

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही अशा आजी असतील. त्यांच्या दारात जा, त्यांच्याजवळ बसा, चहा घ्या आणि विचारा. त्या जे सांगतील ते त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा.