परिस्थितिजन्य पुराव्याचे पंचशील

सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या एकत्र मांडल्या. न्या. फझल अली यांनी त्यांना पंचशील म्हटले. पुढे त्यांचा आशय दिला आहे.

१. ज्या परिस्थितीवरून दोष ठरवायचा, ती आधी पूर्ण सिद्ध झालेली हवी.

सगळा भार ‘आधी’वर आहे. समजा, आरोपीच्या घरातून डाग पडलेला शर्ट जप्त झाला. पण सील धड नाही, रक्तगट निश्चित झाला नाही. असा शर्ट पुराव्याच्या साखळीत ओवताच येत नाही. दहा अर्धवट गोष्टींची बेरीज करून एक पूर्ण पुरावा होत नाही. आरोपी ‘दोषी असू शकतो’ आणि ‘दोषी असलाच पाहिजे’ यांतले अंतर न्यायालयाने १९७३ च्या बोबडे खटल्यातच बजावले होते.

२. सिद्ध गोष्टी केवळ आरोपीच्या दोषाशीच जुळाव्यात.
३. त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात.
४. दुसरी कोणतीही शक्यता उरू नये.

तिसरी कसोटी दुसरीतच येते. चौथी मात्र सर्वांत कठोर, आणि याच खटल्याचा निकाल तिने फिरवला. लग्नाला जेमतेम चार महिने झालेली तरुणी सायनाइडने मरण पावली होती. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. पण तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत सासरचे दुःख होते. त्यावरून आत्महत्येची शक्यताही उभी राहत होती. सरकार पक्षाला ती खोडून काढता आली नाही, म्हणून पती सुटला. तिच्या दुःखाची साक्ष देणारी पत्रेच खुनाच्या आरोपाआड आली. हे वाचताना आजही जीव कळवळतो, तरी निकाल योग्यच वाटतो.

५. साखळी इतकी पूर्ण हवी, की निर्दोषत्वाला वाजवी आधार राहू नये.

‘वाजवी’ हा शब्द वगळून चालणार नाही; कल्पनेने रचलेल्या शंकेचा फायदा आरोपीला मिळत नाही. आणि तुटलेली कडी कशाने सांधायची नाही, हेही याच निकालात आहे. आरोपीने खोटा बचाव घेतला की वर्तमानपत्रे त्याला तिथेच दोषी धरतात. न्यायालय तसे करत नाही. सरकार पक्षाने आपल्या सगळ्या कड्या स्वतःच्या बळावर सिद्ध केल्या असतील, तरच आरोपीचे खोटे ही त्यांत आणखी एक कडी म्हणून धरता येते.